हार्डविक हॉल: खिडक्या मोजण्याआधी धुराडी शोधा

प्रश्न असा आलाय: "नॉटिंगहॅमला नोकरीला आहे, एम वन मोटरवेवरून जाता-येता टेकडीवर एक काचेचं घर दिसतं, हार्डविक हॉल. आई-बाबा आलेत, त्यांना घेऊन जाणार आहे. मी सिव्हिलवाला, म्हणून विचारतो, 400 वर्षांपूर्वी ना स्टील ना काँक्रीट, मग एवढ्या खिडक्या ठेवून ते उभं कसं राहिलं? काही खिडक्या आतून बंद आहेत म्हणे, त्या विंडो टॅक्समुळे का? आणि आर्किटेक्चर म्हणून नेमकं काय बघायचं?"

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या अधिकाराने बोलतोय ते कळेल. मी दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, पहिली काही वर्षं पुण्याकडे काढली, नंतर सगळी डर्बीशायर-नॉटिंगहॅमशायर पट्ट्यात. हार्डविकवर स्वतः काम केलेलं नाही, पण त्याच काळातल्या, त्याच जातीच्या दगडातल्या घरांवर केलंय, आणि हार्डविकला किती वेळा गेलो ते मोजणं सोडून दिलंय. बायको म्हणते माहेरी गेली नसेल इतक्या वेळा तुम्ही तिथे जाता.

तर छोटं उत्तर. खिडक्यांकडे बघून ते घर कळत नाही, धुराडी कुठे गेली ते बघितलं की कळतं. त्या काळच्या साधारण घरात शेकोटी बाहेरच्या भिंतीत असायची, धुराडं त्याच भिंतीतून वर जायचं, म्हणजे बाहेरची भिंत त्या जाड-जाड धुराड्यांनी अडवलेली. हार्डविकमध्ये बहुतेक धुराडी आतल्या भिंतींमध्ये घेतली. बाहेरची भिंत मोकळी झाली आणि मोकळ्या झालेल्या जागेत काच आली. बाकी सगळं यातून पुढे येतं. आता लांबलचक उत्तर, चहा घेऊन बसा.

गेल्यावर पहिली गोष्ट करा, सगळे जिकडे धावतात त्या मोठ्या घराकडे जाऊ नका, शेजारच्या पडक्या घरात जा. त्याला ओल्ड हॉल म्हणतात, इंग्लिश हेरिटेज बघतं ते, नव्या घराची व्यवस्था नॅशनल ट्रस्टकडे आहे, दोन्ही जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्था. ओल्ड हॉलला छप्पर नाही, मधले मजलेही बरेचसे गेलेत, म्हणून भिंतीवर एकावर एक शेकोट्या हवेत लटकलेल्या दिसतात, वरती प्लास्टरची नक्षी अजून टिकून आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो की हा या घराचा एक्स-रे समजा. कुठल्या मजल्याची उंची किती, धूर कुठून गेला, भिंत कुठे जाड झाली, सगळं उघडं पडलेलं आहे, आणि तुमच्यासारख्या सिव्हिलवाल्याला तर अर्धा तास कसा गेला कळणार नाही. शिवाय ते घर जसं सुचलं तसं वाढवलेलं आहे, इथे एक खोली जोडली, तिथे एक बाजू उचलली. हे बघून झालं की मग वळून नव्या घराकडे बघा. एकच डोकं, एकच प्लॅन, सगळं आधीच ठरवून बांधलेलं, हा फरक लगेच अंगावर येतो.

गंमत म्हणजे ही दोन्ही घरं एकाच बाईने बांधली आणि पहिलं पूर्ण व्हायच्या आधीच दुसऱ्याचा पाया घातला. बेस ऑफ हार्डविक, जन्म साधारण 1527 चा, याच जागेवरच्या मध्यम ऐपतीच्या घरातली मुलगी. चार लग्नं झाली, दर वेळी नवरा आधीच्यापेक्षा वरच्या पायरीवरचा, आणि चौघांच्याही मागे ती उरली. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश, आजच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर घराण्याची मुळं तिथली. चौथा जॉर्ज टॅलबट, श्रूझबरीचा अर्ल, म्हणजे देशातल्या गडगंज माणसांपैकी एक, पण त्याच्याशी इतकं बिनसलं की बाई चॅट्सवर्थ नावाचं आपलं मोठं घर सोडून माहेरच्या जागेवर येऊन राहिल्या आणि 1587 पासून ओल्ड हॉल वाढवायला घेतला. 1590 मध्ये अर्ल गेला, हातात पैसा मोकळा आला, आणि त्याच वर्षी जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर नवं काम सुरू. तेव्हा बाईंचं वय साठीच्या पुढे. 1597 च्या ऑक्टोबरात त्या राहायला आल्या, 1608 मध्ये वारल्या, म्हणजे एवढं सगळं करून दहा-अकरा वर्षंच उपभोगलं.

सामानाची सोय बघा. दगड टेकडीच्या पायथ्याच्या खाणीतला सँडस्टोन, शिसं स्वतःच्या खाणींचं, काच स्वतःच्या भट्टीची. आजच्या बिल्डरला हेवा वाटावा अशी सप्लाय चेन. काच तेव्हा अतोनात महाग, श्रीमंतीचं सगळ्यात उघड लक्षण, आपल्याकडे लग्नात अंगावर दागिने घालून मिरवतात तसं या बाईने घराच्या अंगावर काच घालून मिरवलं, असं मला नेहमी वाटतं. लोकांनी यमकही जुळवलं, त्याचा अर्थ हाच की हार्डविक हॉलला भिंतीपेक्षा काच जास्त. आणि त्यावर कोणाला शंका राहू नये म्हणून सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरं, ई आणि एस, एलिझाबेथ श्रूझबरी, वर मुकुटासकट, आकाशाच्या पार्श्वभूमीवर. मोटरवेवरून नीट बघितलंत तर तीही दिसतील, गाडी चालवताना नको.

डिझाइन कोणाचं? रॉबर्ट स्मिथसन हे नाव सगळीकडे वाचाल आणि ते बहुधा बरोबरच आहे. हा माणूस गवंडी म्हणून वर आला, 1568 मध्ये लाँगलीट नावाच्या घराच्या कामावर गेला, मग 1580 ते 88 नॉटिंगहॅमचा वोलटन हॉल त्याने केला, तो तर तुमच्या गावातच आहे, शनिवारी चक्कर मारा. 1614 मध्ये गेला, थडगं वोलटनच्याच चर्चमध्ये आहे आणि त्यावर त्याला चक्क आर्किटेक्ट अशा अर्थाचा शब्द वापरलाय, जो तेव्हा इंग्लंडमध्ये कोणी सहसा वापरत नव्हतं. त्याच्या ड्रॉइंग्जच्या संग्रहात हार्डविकशी जुळणारा एक प्लॅन आहे, त्यावरून नाव पक्कं धरतात. पण तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती, आर्किटेक्टने शंभर शीट दिली आणि साइटवर तसंच झालं असं नाही, प्लॅन एकाकडून यायचा, बांधणारे गवंडी आपलं डोकं लावायचे, आणि सगळ्यात जास्त डोकं मालकीण लावायची. हार्डविकच्या बांधकामाचे हिशेब टिकलेत, त्यावरून बाई पै-पैचा हिशेब बघायच्या हे दिसतं.

आता स्ट्रक्चर. प्लॅन डोळ्यासमोर आणा. एक लांब आयत, लांबीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मनोरे, आणि दोन टोकांना एकेक, झाले सहा. एक साधा प्रयोग करा, लग्नपत्रिकेचा जाड कागद टेबलावर उभा करा, पडेल. त्यालाच चार घड्या पुढे-मागे घाला, मग उभा करा, राहील. हार्डविकची बाहेरची भिंत अशी घड्या घातलेली आहे, प्रत्येक मनोऱ्यापाशी ती बाहेर जाते, वळते, परत आत येते. जिथे भिंत वळते तिथे कोपरा, आणि कोपऱ्यात दगड भरीव. सरळ पट्टा आला की खिडकी, कोपरा आला की दगड. मनोरे फक्त शोभेचे नाहीत, भिंतीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं कामही तेच करतात, आणि हे करताना त्या माणसाने असा एक फायदा उकळला की तुम्ही घराभोवती चालायला लागलात की मनोरे एकमेकांमागे सरकतात, कधी दोन दिसतात कधी चार, प्रत्येक पन्नास पावलांवर घराचा आकार बदलतो. माझ्या मते या घराची सगळ्यात हुशार गोष्ट ही, खिडक्या दुसऱ्या नंबरावर. तेव्हा दारातून सरळ आत घुसू नका, आधी एक पूर्ण प्रदक्षिणा घाला.

बाहेरचं झालं, आत काय? आत जाड भिंती उभ्या-आडव्या जातात, धुराडी बहुतेक त्यांच्या पोटात. मजल्यांचं वजन मोठ्या प्रमाणात या भिंती घेतात. शिवाय खिडकी म्हणजे आपण समजतो तसं एक मोठं भोक नाहीये. जवळ जाऊन बघा, प्रत्येक खिडकी दगडाच्या जाळीची आहे, उभे दगडी दांडे त्यांना मलियन म्हणतात, आडवे ते ट्रान्सम. दोन मलियनमध्ये अंतर इतकं कमी की वरचा दगड आरामात पेलतो. म्हणजे वीस फूट उंच खिडकी दिसते पण वजनाच्या हिशेबाने ते शेजारी-शेजारी उभे केलेले बारीक खांबच आहेत. तुमच्या भाषेत सांगायचं तर ओपनिंग नाही, क्लोजली स्पेस्ड कॉलम्स. स्टीलची गरज पडलीच नाही.

खिडक्या वरच्या मजल्यावर मोठ्या होत जातात, हे बघितलंत का? सगळीकडे उलटं असतं, खाली मोठं, वर लहान. इथे तळमजल्यावर नोकरचाकर आणि स्वयंपाकघर, खिडक्या बेताच्या. पहिल्या मजल्यावर बाईंचं रोजचं राहणं, खिडक्या त्याहून उंच. दुसऱ्या मजल्यावर राजेशाही दालनं, तिथल्या खिडक्या सगळ्यात उंच. माणूस जितका मोठा तितकं छत वर. बाहेरून नुसतं बघून कोणीही शेतकरी सांगू शकला असता की कोण कुठे बसतं.

आता तुमचा विंडो टॅक्सचा प्रश्न, आणि इथे माझी स्वतःचीच फजिती सांगतो. इंग्लंडमधल्या माझ्या सुरुवातीच्या दिवसांत याच भागातल्या, अजून माणसं राहत असलेल्या एका जुन्या घराचा सर्व्हे करायचा होता. बाहेरच्या भिंतीत एक खिडकी होती, मलियन, शिशाची पट्टी, काच, सगळं व्यवस्थित, पण आतल्या बाजूला त्या जागी कोरी भिंत. मी रिपोर्टमध्ये ठोकून दिलं, विंडो टॅक्स वाचवायला बंद केलेली खिडकी. सीनियरने काही न बोलता पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, शिडी लाव आणि बघून ये. नोव्हेंबर महिना, बोटं गारठलेली. एक चौकोनी काच आधीच सुटी होती ती काढली, मागे काळा रंग दिलेलं दगडकाम, बाहेरून आत अंधारी खोली आहे असं वाटावं म्हणून. सहज हात टेकवला तर दगड कोमट. खाली बैठकीच्या खोलीत शेकोटी पेटलेली होती आणि मी तिच्या धुराड्याला हात लावून उभा होतो. ती खिडकी कोणी कधी बंद केलीच नव्हती, ती जन्मापासून खोटी होती.

हार्डविकमध्येही काही खिडक्या अशा आहेत की त्यांच्या मागे खोली नाही, धुराडं किंवा भिंत आहे. विंडो टॅक्स आला 1696 मध्ये आणि उठला 1851 मध्ये, हार्डविक त्याच्या शंभर वर्षं आधी उभं राहिलेलं. कारण कराचं नाही, सिमेट्रीचं. डावीकडे खिडकी आहे तर उजवीकडे हवीच, मग मागे काही असो. काही ठिकाणी तर बाहेर एक उंच खिडकी दिसते आणि मागे दोन ठेंगण्या खोल्या एकावर एक असतात, मधल्या मजल्याची जमीन खिडकीच्या मधून जाते. आपण म्हणतो की जुनी माणसं प्रामाणिक बांधायची. हे घर बाहेरून एक सांगतं आणि आतून दुसरं, आणि इतक्या सफाईने की मला राग येत नाही, उलट कौतुकच वाटतं. कराच्या गोष्टीमुळे बंद झालेल्या खिडक्या इंग्लंडात भरपूर आहेत, नाही असं नाही, पण प्रत्येक बंद खिडकीला टॅक्स चिकटवायची सवय गाइड लोकांनी लावून ठेवलीय.

एक गोष्ट अगदी नाक लावून बघा, मलियनमध्ये घुसलेल्या लोखंडी सळ्या. तेव्हा मोठी काच करता येत नव्हती, म्हणून तळहाताएवढे तुकडे शिशाच्या पट्टीत बसवून पॅनल करायचे. शिसं मऊ, वाऱ्याने पॅनल वाकणार, म्हणून आडव्या बारीक सळ्या लावून पॅनल तारेने त्यांना बांधायचं. सळीची टोकं दगडात. आता लोखंड गंजलं की फुगतं, आणि दगडाच्या पोटात फुगलं की दगड फोडतं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की मलियनवर बोटभर लांबीची, वेलांटीसारखी बारीक चीर दिसली की आत काय आहे ते न उघडता सांगतो. दुरुस्ती म्हणजे टोक कापून तिथे न गंजणाऱ्या धातूचं टोक जोडायचं आणि दगडाला तेवढाच दगडाचा तुकडा बसवायचा, डेंटिस्टसारखं काम आहे. पूर्वी कोणीतरी अशा चिरांत आणि सांध्यांत सिमेंट भरून ठेवतं, ते सगळ्यात वाईट. सँडस्टोन पाणी पितो, चुन्याच्या सांध्यातून ते बाहेर पडतं, सिमेंटने सांधा बुजवला की पाणी दगडातूनच बाहेर यायला बघतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटून येतो. आता विचार करा, एवढ्या खिडक्या, प्रत्येकीत इतक्या सळ्या, इतके सांधे. जितकी काच जास्त तितकं पुढच्या पिढ्यांचं बिल जास्त, हे बेसबाईंनी कोणाला सांगितलं नाही.

चला आत. दारातून शिरलात की हॉल, दोन मजली उंच. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही पण हा हॉल म्हणजे मोठी उडी होती. आधीच्या इंग्लिश घरांत हॉल आडवा असायचा, तुम्ही एका टोकाच्या पडद्यामागून शिरायचं आणि मग काटकोनात वळायचं, त्यामुळे दार घराच्या बरोब्बर मध्ये आणणं अवघड. इथे हॉल वळवून घराच्या मधोमध, पुढून मागे असा टाकला, दाराच्या रेषेत. इंग्लंडमध्ये असं करणाऱ्या पहिल्या-पहिल्या घरांपैकी हे. आणि तो वळवल्यामुळेच बाहेरची डावी-उजवी बाजू एकसारखी करता आली. शिवाय हॉलचं कामही बदललं. पूर्वी मालक तिथे सगळ्यांसोबत जेवायचा, आता तिथे नोकर जेवणार आणि मालकीण वर.

वर म्हणजे किती वर ते जिना चढताना कळेल. दगडी जिना, रुंद, एखाद्या दरबारी मिरवणुकीला सरळ चढता येईल असा, आणि तो एका जागी गोल फिरत नाही, घराच्या आतून वाट काढत जातो, मध्येच वळतो, मध्येच उजेडात येतो. आईला गुडघ्याचा त्रास असेल तर आधीच सांगून ठेवा, चढण बरीच आहे. आता कल्पना करा की जेवणाच्या वेळी तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून ताटं निघायची, हॉलमधून, या जिन्यावरून, दुसऱ्या मजल्यापर्यंत. पोचेपर्यंत सगळं गार. कोणाला पर्वा नव्हती, अन्न मिरवणं हाच मुद्दा होता, गरम खायचं असेल तर खालचा मजला.

जिना संपतो तिथे हाय ग्रेट चेंबर. इथे जरा थांबा आणि भिंत खालून वर वाचा. खालच्या भागात ब्रसेल्सची टॅपेस्ट्री, म्हणजे चित्र विणलेलं, भिंतीवर टांगायचं जाड कापड, ग्रीक वीर युलिसिसच्या कथेचं, आणि तिच्यावर रंगवलेल्या प्लास्टरचा भलामोठा पट्टा, जंगल, प्राणी, शिकार, मध्ये डायना देवी आपल्या परिवारासह बसलेली. प्लास्टरचं काम अब्राहम स्मिथचं. गोम अशी की टॅपेस्ट्री बाईंनी 1587 मध्येच घेऊन ठेवली होती, घर व्हायच्या आधी, आणि खोलीची उंची त्या कापडाच्या हिशेबाने ठरली. म्हणजे पडद्याला साजेशी खोली बांधली, खोलीला साजेसा पडदा नाही घेतला. डायना म्हणजे अविवाहित शिकारी देवी, त्या काळी तो राणी एलिझाबेथला सरळ सलाम होता. राणी कधी इथे आलीच नाही. तरी सगळा वरचा मजला राजघराण्याच्या पाहुण्यासाठी सज्ज, कारण घरातच एक उमेदवार होती, बेसची नात आर्बेला स्टुअर्ट, राजा सातव्या हेन्रीच्या वंशातली, नशिबात असतं तर गादीवर बसली असती. नाही बसली. एवढा मजला बांधला आणि तो नुसता वाट बघत राहिला असं म्हणा.

पलीकडे लाँग गॅलरी, पूर्वेच्या बाजूला घराच्या जवळपास पूर्ण लांबीची, साधारण 160 फूट. पाऊस पडत असताना फेऱ्या मारायची जागा, हा मूळ उपयोग. इथे माझा धुराड्यांचा मुद्दा तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. एका हाताला अख्खी काच, दुसऱ्या हाताला आतल्या भिंतीत दोन प्रचंड शेकोट्या, काळ्या दगडात आणि अलाबास्टर नावाच्या मऊ, पांढरट दगडात, थॉमस अ‍ॅकर्स नावाच्या कारागिराच्या हातच्या, वर न्याय आणि दया यांच्या मूर्ती. खिडक्या बाहेर, आग आत, सरळ वाटणी.

त्याच भिंतीवर बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या 13 टॅपेस्ट्री, जवळपास 6 मीटर उंच, सगळ्यांची लांबी धरली तर 70 मीटरच्या वर. या मुळात सर क्रिस्टोफर हॅटन या दरबारी माणसाने करवून घेतलेल्या, तो 1591 मध्ये कर्ज ठेवून मेला, 1592 मध्ये बाईंनी त्या त्याच्या वारसाकडून उचलल्या. त्यावर हॅटनची चिन्हं विणलेली, ती बदलायला खर्च येणार म्हणून किमतीत सूट मागून घेतली, आणि मग स्वस्तातला उपाय केला, स्वतःची चिन्हं कापडावर रंगवून त्यावर चिकटवली. हॅटनच्या चिन्हात हरिणी होती, कॅव्हेंडिशांच्या चिन्हात शिंगवालं नर हरीण, तर हरिणीला शिंगं काढून दिली. सेकंड-हँड गाडी घेऊन नंबरप्लेट बदलावी तसं. या टॅपेस्ट्रींच्या दुरुस्तीचं काम 24 वर्षं चाललं, एकेक करून बेल्जियमला धुवायला नेऊन, मग टाका-टाका शिवून, 2023 मध्ये संपलं.

इथे आई-बाबा म्हणतील की एवढ्या खिडक्या आणि अंधार का करून ठेवलाय. पडदे खाली असतात, कारण काच जो उजेड आत आणते तोच रेशीम आणि लोकर खातो. अशा कापडाला एका वेळी 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, आणि वर्षभरात दीड लाख लक्स-तास असा हिशेब ठेवतात, बँकेत पैसे ठेवून काढावेत तसा, उन्हाळ्यात जास्त खर्च झाला तर पुढे हात आखडता. हीटिंगसुद्धा माणसांसाठी नाही, हवेतला ओलावा 50 ते 65 टक्क्यांत राहावा एवढ्यापुरतं, त्यामुळे स्वेटर न्या, मे महिना असला तरी.

थंडीचा विषय निघालाच आहे तर 1601 ची यादी सांगतो, घरातल्या सामानाची खोली-खोलीप्रमाणे केलेली, अजून टिकून आहे. बाईंच्या निजायच्या खोलीत काय होतं? खिडक्यांसमोर टांगायला पांघरुणं, दारासमोर टांगायला पांघरूण. अख्ख्या परगण्याला दिपवायला काच लावली, रात्री झोपताना त्याच काचेवर गोधड्या टांगल्या. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो होतो.

मेरी क्वीन ऑफ स्कॉट्सची खोली म्हणून एक खोली दाखवतील. स्कॉटलंडची ही राणी बेसच्या चौथ्या नवऱ्याच्या नजरकैदेत पंधराएक वर्षं होती हे खरं, पण तिचा शिरच्छेद झाला 1587 मध्ये, आणि या घराचा पाया 1590 चा. बाकी तुम्ही समजून घ्या.

घर इतकं जसंच्या तसं का राहिलं? कारण घराण्याचं लक्ष चॅट्सवर्थकडे गेलं. 1687 पासून तिथे पाडापाडी करून नवं बांधकाम, पुढे दर पिढीने फॅशनप्रमाणे बदल, आणि हार्डविक जादा घर म्हणून पडून. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज या घराण्याच्याच आश्रयाला होता, 1679 मध्ये इथेच वारला. नंतर 1950 मध्ये दहावे ड्यूक गेले, वारसा कर 80 टक्के, त्यात हार्डविक 1956 मध्ये सरकारजमा झालं आणि 1959 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं. जुन्या डचेस 1960 पर्यंत तिथेच राहत होत्या आणि स्वतः हातात सुई घेऊन कापडं सांधत बसायच्या. माझ्या धंद्यात आम्ही गमतीने म्हणतो की जुन्या इमारतीला वाचवायचं असेल तर मालकाला दुसरीकडे घर घेऊन द्या.

बाकी फर्निचर, चित्रं, भरतकाम भरपूर आहे, त्यावर मी बोलत नाही, माझा प्रांत नाही. भरतकाम आईला आवडेल.

जायचं तर दुपारनंतर जा, पुढची बाजू पश्चिमेला आहे, उन्हं कलली की सगळी काच पेटल्यासारखी दिसते. मग मी करतो तो खेळ करा: बाहेर उभं राहून एका बाजूच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या मोजून लिहून घ्या, वर जाऊन आतून मोजा. जिथे आकडा जुळत नाही तिथे बाहेर जाऊन छपराकडे बघा, वर धुराडं निघतं का ते. आणि आतल्या भिंतीला कोमट लागते का म्हणून हात लावायला जाऊ नका, एक तर तिथे हल्ली कोणी शेकोटी पेटवत नाही, आणि दुसरं म्हणजे व्हॉलंटियर आजीबाई लांबूनच "प्लीज" म्हणतात, तेवढ्याने माणूस गार पडतो.